सातव्या गोळ्याचं वजन

काचमामांना सगळी प्रयोगशाळा मामा म्हणायची, पण ते खरे मामा होते एकीचेच. धाकट्या बहिणीची ही मुलगी शाळा सुटली की त्यांच्या भट्टीशेजारी स्टुलावर येऊन बसायची आणि ‘मामा, काच वितळते तेव्हा ती ओली असते का?’ असल्या प्रश्नांनी त्यांचं डोकं खायची. ऐकून ऐकून बाकीच्यांच्या तोंडातही तेच नाव बसलं. आता तिचे केस कानाशी पांढरे व्हायला लागले होते, त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ती संशोधक होती, आणि डोकं खाणं काही थांबलं नव्हतं.

मामांचं काम काच फुंकायचं. नळ्या वळवायच्या, चंबू जोडायचे, फुटलेलं सांधायचं. चाळीस वर्षांत त्यांच्या हातचा एकही सांधा गळला नव्हता. हे ते स्वतः कधी सांगत नसत. पण दुसरं कुणी सांगू लागलं तर त्याला अडवतही नसत.

त्या चाळीस वर्षांतलं सगळ्यात नावाजलेलं काम म्हणजे सातवा गोळा.

एकोणीस वर्षांपूर्वी, ज्यांना सगळे नुसतं बाई म्हणत त्या विभागप्रमुख होत्या तेव्हा, त्यांनी मामांकडून काचेचे बारा गोळे करून घेतले होते. प्रत्येक गोळा दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढा. प्रत्येकात तळ्याचं पाणी, मूठभर चिखल, शेवाळ, मोहरीएवढ्या चार गोगलगायी आणि वरती थोडी हवा. मग मामांनी एकेकाची मान ज्योतीवर वितळवली, ओढून बारीक केली आणि कायमची मिटवली. यापुढे आत फक्त उजेड जाणार, बाहेर फक्त ऊब येणार.

बाईंचं म्हणणं असं होतं की पृथ्वी ही काही जिवांनी भाड्याने घेतलेली खोली नाही. इथली हवा, पाणी, उष्मा हे सगळं जीवच सांभाळतात. अंगात ताप चढला की घाम येऊन तो उतरतो, तसं. पुष्कळ लोक त्यांना हसायचे. ‘बाई, शेवाळाला काय कळतंय?’ म्हणायचे. ‘घामाला तरी काय कळतं?’ असं बाई विचारायच्या आणि चष्मा पुसायला घ्यायच्या.

दोन वर्षांत अकरा गोळे गेले. कुणी काळा पडला, कुणी दुधासारखा गढूळ झाला. सातवा मात्र हिरवा राहिला. त्यातल्या गोगलगायींच्या नातवंडांची नातवंडं काचेवरून सावकाश फिरत राहिली. बाईंनी त्या एका गोळ्यावर दोन पुस्तकं लिहिली, देशोदेशी व्याख्यानं दिली, आणि निवृत्त होताना गोळा भाचीच्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, “सांभाळ गं. पोटच्या पोरासारखा नको, घरमालकासारखा सांभाळ. त्याला आपली गरज नाही, आपल्यालाच त्याची आहे.”

भाचीने गेली अकरा वर्षं तेच केलं, आणि एक पाऊल पुढे टाकलं. माणूस कधी पृथ्वी सोडून दुसरीकडे राहायला गेला तर एकटा जाऊन भागणार नाही. चिखल, शेवाळ, गोगलगायी असं सगळं बिऱ्हाड बरोबर न्यावं लागेल, असं तिचं म्हणणं. मग ते बिऱ्हाड तिकडे स्वतःचं स्वतः चालेल का? हे पाहायला सातवा गोळाच वर पाठवायचा. चार वर्षं अर्ज, नकार, पुन्हा अर्ज. आणि आता एका यानाच्या बाहेरच्या पेटीत, जिथे हवेचा कण नसतो तिथे, गोळ्याला जागा मिळाली होती. सोमवारी पत्र आलं. भाची जिने उतरत मामांच्या भट्टीपाशी धावत आली आणि धाप लागल्यामुळे पाच मिनिटं नुसतीच हसत राहिली. तिची नोकरी कराराची होती, त्यातले सहा महिने उरले होते. गोळा वर गेला तर तिचं पुढचं सगळंच मार्गी लागणार होतं.

पत्राबरोबर एक कागद होता. तो गोळा बनवणाऱ्याने भरायचा. गोळा कोणत्या तारखेला बंद केला, त्यानंतर कधी उघडला का, आणि आज तो पूर्ण हवाबंद आहे का. खाली सही.

“एवढंच?” मामा म्हणाले.

“एवढंच. आणि तळ साफ करून द्या म्हणतायत. त्यांच्या कड्यात बसवायचाय. वजनही नेमकं हवंय.”

तळ साफ करायचा म्हणजे लेबलं काढायची. त्या लेबलांची एक रीत होती. दर वर्षी गोळा बंद केल्याच्या तारखेला त्याचं वजन व्हायचं, कारण बंद वस्तूचं वजन बदलत नाही आणि वजन कायम म्हणजे गोळा बंद, हाच बाईंचा पुरावा. पण पहिल्याच वर्षी दोन गोळ्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. तेव्हापासून बाईंनी दंडक घातला होता: आधी गोळ्यावर त्या वर्षाचं लेबल चिकटवायचं, मगच तो काट्यावर ठेवायचा. जुनं लेबल काढायचं नाही, त्याच्याच डोक्यावर नवं. खरवडाखरवडी नको. अशी एकावर एक एकोणीस लेबलं गोळ्याच्या तळाला जमली होती.

मंगळवारी दुपारी मामांनी ओलं फडकं लावून ती चवड भिजवली, अलगद सोडवली, तळ पुसला, आणि गोळा घेऊन वजनाच्या खोलीत गेले. तिथे तराजूताईंचं राज्य. एकोणीस वर्षं सातव्याचं वजन त्यांनीच केलं होतं आणि खोलीत शिरणाऱ्याने शिंकायचंसुद्धा बाहेर, असा त्यांचा कायदा होता.

काट्यावरचा आकडा स्थिर झाला. एक हजार चारशे आठ पूर्णांक सात दशांश.

“मामा, हात टेकवलायत ताटलीला.”

“मी दोन हात लांब उभा आहे.”

“मग वारा असेल.”

“खिडकी बंद आहे ताई.”

“एक हजार चारशे बारा पूर्णांक सहा! एकोणीस वर्षं तेच आहे. दोन-चार दशांश इकडेतिकडे. ते दमट हवेचं. माझा काटा चुकत नाही.”

त्यांनी पेटीतली पितळी वजनं चिमट्याने उचलून काट्यावर ठेवली. काटा खरंच चुकत नव्हता. गोळा पुन्हा ठेवला. चारशे आठ पूर्णांक सात. जवळजवळ चार ग्रॅम कुठे गेले?

मामांना आधी हसू आलं. गोळ्याचे चार ग्रॅम जाणार कुठे? तो तर बंद आहे. मग त्यांनी खिशातल्या फडक्यात गुंडाळलेली लेबलांची ओली चवड काढली आणि तिच्याकडे बघत राहिले.

“ताई, हे वाळवून वजन कराल?”

“कागदाचं?”

“कागदाचं.”

चवड वाळायला तास लागला. तेवढ्यात दोघांनी चहा घेतला. वाळलेल्या लेबलांचं वजन भरलं तीन पूर्णांक नऊ दशांश.

तराजूताईंनी पदार्थ नासल्यावर बघावं तसं त्या आकड्याकडे बघितलं. “एका लेबलाचं असून असून किती असणार, असं वाटायचं,” त्या हळूच म्हणाल्या. “धरण्यासारखंच नाही.”

“दर वर्षी एक लेबल वाढत गेलं.”

“आणि वजन तेवढंच राहिलं.”

“म्हणजे दर वर्षी एका लेबलाएवढं काहीतरी आतून कमी होत गेलं.”

“इतकं बेतून?” तराजूताई उसळल्या. “मामा, दुसरं काही म्हणा, पण हे असं जुळवून आणल्यासारखं नका सांगू. उगाच कुणी म्हणेल मीच जुळवलं.”

मामांनाही ते पटत नव्हतं. जे पटत नाही ते दुसऱ्या वाटेने जाऊन बघायचं, ही त्यांची सवय. मेलेल्या अकरांपैकी पाच गोळे अडगळीच्या कपाटात होते. त्यातला तिसरा त्यांनी काढला. त्याच्या तळाला दोनच लेबलं होती. तो दुसऱ्याच वर्षी गेला होता, आणि तेव्हाचा जुना काटा इतका ढोबळ होता की दोन लेबलांचा भार त्याला कळलाच नसता. मामांनी लेबलं भिजवून काढली. आतलं पाणी शाईसारखं झालं होतं. वजन केलं. बंद केल्या दिवशीचं जे वजन वहीत होतं, तेच भरलं. मग आठवा काढला. तोही तसाच. अकरावाही.

जे मेले होते त्यांनी एकोणीस वर्षांत काही म्हणजे काही गमावलं नव्हतं. झिजत होता तो एकटाच, जिवंत होता तो.

मामांनी सातवा भट्टीपाशी आणला. खोल पातेल्यात पाणी घेतलं, मिटलेल्या मानेसकट गोळा उभाच त्यात बुडवला, आणि दोन्ही तळहात काचेभोवती लावून बसून राहिले. हातांची ऊब आत गेली तर हवा फुगेल, आणि वाट असेल तर बाहेर येईल. बराच वेळ काही झालं नाही. त्यांना वाटलं, चला, काट्याचंच काहीतरी आहे. आणि मग मानेच्या टोकाशी, खसखशीच्या दाण्याहून लहान, एक बुडबुडा धरला. तो तिथेच मोठा होत राहिला आणि सुटून वर गेला. त्याच्या जागी दुसरा धरू लागला.

तेव्हा त्यांना तो दिवस आठवला. सातव्याची मान ओढत असताना बाई बघायच्या नादात इतक्या वाकल्या की त्यांच्या केसांची बट ज्योतीशी आली. मामांनी ज्योत झटक्यात बाजूला घेतली होती. पुन्हा आणली तेव्हा टोक मिटलेलं दिसत होतं. दिसत होतं, म्हणून त्यांनी आठवा हातात घेतला.

संध्याकाळी भाची खाली आली तेव्हा मामांनी तिला काही सांगितलं नाही. पातेलं पुढे सरकवलं आणि म्हणाले, “हात लाव. धरून ठेव.”

तिने धरलं. पहिला बुडबुडा सुटला तसा तिचा चेहरा उतरला. दुसरा सुटला तशी ती पुढे वाकली. तिसऱ्याला ती म्हणाली, “मामा, हा श्वास घेतोय.”

“गळतोय म्हण.”

“नाही, ऐका ना. दिवसा खोली तापते, आतली हवा फुगते, थोडी बाहेर जाते. रात्री गार झालं की बाहेरची आत येते. रोज एकदा. एकोणीस वर्षं. बाहेर जाताना थोडी वाफ घेऊन जातो, तेच वजन.” ती थांबली. “म्हणजे आपण म्हणत होतो तो हा नव्हेच. आतल्या जिवांनी आपलं घर सांभाळलं, असं आपण सांगत होतो. आणि हा आपला खोलीतल्या हवेवर जगतोय. माझ्या टेबलावर. मी शिंकले तेही याने आत घेतलं असेल.”

“माझी चूक आहे बाळा.”

“ते नंतर.” ती स्टुलावर बसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “मामा, हे बंद करायला किती वेळ लागेल?”

“ज्योत लावायची खोटी. एक क्षण.”

गोळ्यात एक गोगलगाय काचेवर तोंड लावून वर चढत होती.

“तसाच पाठवला तर?” मामांनी विचारलं.

“तिकडे बाहेर हवाच नाही. हा नुसता सोडत राहील, आत घ्यायला काही मिळणार नाही. चार दिवसांत कोरडा. बंद केला तर निदान…”

“बंद केला तर मी कागदावर तारीख कुठली घालू? आजची?”

“आजची घातलीत तर तो एक दिवसाचा गोळा झाला. असले कुणीही उद्या दहा करून देईल. त्यांनी एकोणीस वर्षांसाठी जागा दिलीय.”

“आणि जुनी घातली तर ते खोटं.”

“कळतंय मला!” ती एकदम ओरडली, आणि लगेच ओशाळली. “कळतंय हो मामा. तुम्ही मला कळू द्यायला नको होतं, एवढंच. सही करून मोकळं व्हायचं होतं.”

“मला वजन झाल्यावर कळलं. त्याआधी केली असती तर आनंदाने केली असती.”

ती हसली, पण डोळे भरले होते. मामांनी ज्योत पेटवली नाही. कागदही भरला नाही. तो भाचीने वर नेला आणि रात्र होण्याआधी त्याच्यामागे स्वतःच्या हाताने लिहिलं की गोळा हवाबंद नाही, तो कधीच नव्हता, आणि हे कसं कळलं ते असं असं. लेबलांची गोष्टसुद्धा लिहिली. तराजूताईंनी ती लिहू नकोस म्हणून एकदा सांगून पाहिलं. मग स्वतःच येऊन एकोणीस लेबलांची वेगवेगळी वजनं तिला करून दिली. “लिहायचंच असेल तर नीट आकड्यानिशी लिही,” म्हणाल्या.

आठ दिवसांनी उत्तर आलं. फार सभ्य शब्दांत आभार मानले होते आणि जागा दुसऱ्या कुणाच्या पेटीला दिली होती. भाचीने ते जिन्यात उभ्यानेच वाचलं, घडी घातली, आणि म्हणाली, “चला. आता बाईंना सांगायला हवं.”

मामांना यानाचं जेवढं वाईट वाटलं त्याच्या दसपट याचं भय वाटत होतं. बाईंनी या गोळ्याच्या नावावर आयुष्य घातलं होतं. रस्ताभर ते तोंडातल्या तोंडात वाक्य जुळवत राहिले. बाई वरच्या मजल्यावर राहायच्या. गुडघ्यांमुळे गेली दोन वर्षं त्या खाली उतरल्या नव्हत्या. खिडकीशी खुर्ची, खुर्चीशी पुस्तकांची चळत, चळतीवर औषधं.

मामांनी जुळवलेलं वाक्य काही आठवलं नाही. ते म्हणाले, “बाई, सातवा गळतो.”

बाईंनी चष्मा काढला. सगळं ऐकून घेतलं. लेबलांचं ऐकताना त्यांनी डोळे मिटले. ती रीत त्यांनीच घातली होती.

“एकोणीस वर्षं,” त्या म्हणाल्या. “कुठे कुठे उभी राहून सांगितलं मी. एकदा तर एका माणसाने मला विचारलं होतं, तुमचं झाकण घट्ट आहे ना? मी त्याला सगळ्यांसमोर हसले.”

बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“चूक माझी, बाई. तुमचे केस ज्योतीशी आले…”

“माझे केस?” बाईंनी चष्मा पुन्हा लावला. “म्हणजे माझीच की. केवढं आहे भोक?”

“केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढं असेल.”

“आणि एवढ्यावर तो जगला?” त्यांचा आवाज बदलला. “एवढ्याशा भोकावर? अकरांना ते मिळालं नाही म्हणून ते मेले, असं तू म्हणतेस?”

“असं वाटतं, बाई,” भाची म्हणाली. “आतल्या हवेचा तोल थोडा जरी ढळला तर रात्रीत तो बाहेरून सावरला जायचा.”

“मग माझं म्हणणं खोटं पडलं.”

“मला आधी तसंच वाटलं. पण पृथ्वीला कुठे आहे भोक? तिलाही बाहेर हवा नाही. उजेड आत, ऊब बाहेर, एवढंच. ती काहीही उसनं न घेता चालतेय आणि आपला गोळा चालू शकला नाही. मग तिच्यात आणि ह्यात फरक कशाचा?”

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. “आकाराचा,” त्या सावकाश म्हणाल्या. “एवढ्याशा घरात एक गोगलगाय जास्त झाली की संपलं. मोठ्या घरात एक कोपरा बिघडला तर दुसरा सांभाळून घेतो.”

“मग घर किती मोठं झालं म्हणजे भोक लागत नाही?” भाची म्हणाली. “तिकडे कुठे जाऊन राहायचं तर हाच आकडा हवा ना पहिल्यांदा? आणि तो कुणाकडेच नाही. आपण तर विचारलंच नव्हतं.”

मामांना हे सगळं कळत होतं असं नाही, पण दोघींच्या तोंडावरचं ते ओळखत होते. भट्टीशेजारच्या स्टुलावर ते त्यांनी पुष्कळदा पाहिलं होतं.

“मामा,” बाई त्यांच्याकडे वळल्या. त्यांनीही आयुष्यभर मामाच म्हटलं होतं. “पुन्हा बारा कराल? सगळे घट्ट. पण एकापेक्षा एक मोठे.”

“हिचे सहा महिने उरलेत, बाई. एवढ्यात…”

“होतील तेवढे होतील. संस्थेला मी लिहिते. माझी चूक मी लिहून दिल्यावर ते माझं ऐकतील की नाही ते माहीत नाही. पण वाचतील नक्की. असली पत्रं लोक आवडीने वाचतात.”

भाची खळखळून हसली. आठ दिवसांत पहिल्यांदाच.

“आणि सगळ्यात मोठा केवढा?” मामांनी विचारलं.

बाईंनी दोन्ही हातांचं कडं करून दाखवलं. तेवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी भाचीला खिडकीशी उभं केलं, तिचे हात हातात घेतले आणि दोघींच्या हातांचं मिळून एक मोठं कडं केलं.

मामांनी मनाशी काच मोजली, ज्योत मोजली, आपल्या छातीतली हवा मोजली. एका फुंकरीचं काम नव्हतं. तुकडे करून सांधावे लागणार होते, आणि एवढ्या सांध्यांवर या वेळी डोळ्यांनी विश्वास ठेवून चालणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची खाली आली तेव्हा भट्टी विझलेली होती. मामा कार्यशाळेच्या दारात टेप धरून उभे होते.

“काय झालं?”

“गोळा होईल,” मामा म्हणाले. “पण या दारातून बाहेर जाणार नाही. वीतभर कमी पडतंय.”

“मग?”

“सुताराला निरोप धाडलाय. तू ते टोक धर बघू, पुन्हा मोजतो.”